तात्पुरती सोय

कुठल्याही विद्यापीठाच्या नियामक मंडळाचं इतिवृत्त उघडून पाहा. पहिला विषय मागील बैठकीचं इतिवृत्त कायम करणे, शेवटचा ऐनवेळचे विषय, आणि या दोहोंच्या मध्ये जे काही असतं त्याचं सार एवढंच की जागा कमी पडते आहे. ज्ञान कमी पडतं आहे अशी नोंद मी अजून कुठल्या इतिवृत्तात वाचलेली नाही.

जागा कमी पडते असं एकदा ठरावात आलं की सभासदांची नजर आपसूक खिडकीबाहेर जाते. खिडकीबाहेर शेजारी असतो. शेजारी दुकानदार असेल तर तो गुडविल मागतो, देऊळ असेल तर हात लावायची सोय नाही, राहती घरं असतील तर त्यांतली एखादी आजी ‘मी इथूनच जाणार, तेही चौघांच्या खांद्यावरून’ म्हणून बसते. शाळा मात्र शेजारी म्हणून आदर्श. तिच्या भिंतींवर फळे आधीच ठोकलेले असतात, खोल्यांना क्रमांक असतात, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात, घंटा टांगलेली असते. शाळा दुसरीकडे जायची, नाहीतर बंद पडायची तेवढी वाट पाहायची. लहान मुलं बाहेर पडली की मोठी मुलं आत भरायची, झाला विस्तारित परिसर. बाकांची उंची नडते थोडी. पण पदवीच्या वर्गात बसतंय कोण!

या विद्येतला मुरलेला गडी म्हणजे न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. आपल्याकडे हे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे खेडोपाडी पोचलं. पण बाबासाहेब ज्या आवारात शिकले ते आवार कोलंबियाने कोणाकडून घेतलं, त्याआधीचं कोणाकडून, असा सातबारा काढायला गेलं तर त्यात अशी अशी कुळं निघतात की तलाठी चष्मा पुसून पुन्हा वाचेल.

सुरुवात १७५४ ची. तेव्हा न्यूयॉर्क इंग्रजांचं, गादीवर दुसरा जॉर्ज, म्हणून कॉलेजचं नाव किंग्ज कॉलेज. कॉलेजसाठी पैसा उभा करायला वसाहतीच्या विधिमंडळाने १७४६ मध्येच लॉटरीला रीतसर परवानगी दिली होती. विद्यार्थी आठ आणि शिक्षक एक, सॅम्युअल जॉन्सन. प्राचार्य तेच, प्राध्यापकही तेच, त्यामुळे विभागप्रमुखपदावरून तंटा नाही. वर्ग भरत ते ट्रिनिटी चर्चच्या शेजारच्या शाळेत. म्हणजे या थोर संस्थेचा पहिला मुक्काम एका शाळेच्या ओसरीवर. पुढे या संस्थेचा आणि शाळांचा जो संबंध आला तो पाहता त्या शाळेने भाडेकरार लेखी करून घेतला असेल अशी आशा आहे.

१७६० मध्ये पार्क प्लेसला कॉलेजचं स्वतःचं छप्पर झालं. १७७६ मध्ये क्रांती पेटली, वर्ग बंद पडले, इमारतीचं लष्करी इस्पितळ झालं. १७८४ मध्ये कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा हाकलून दिलेल्या राजाची पाटी मिरवणं बरं दिसेना, म्हणून नाव कोलंबिया केलं. पुढची सत्तरेक वर्षं तिथेच गेली. भोवती गोदामं आली, दुकानं आली, घोडागाड्यांचा खडखडाट आला. मग इतिवृत्तात ते वाक्य आलं.

पण त्याआधीची एक गंमत सांगायला हवी. १८१४ मध्ये कॉलेजने राज्य सरकारकडे आर्थिक मदत मागितली. सरकारने बाग दिली. डेव्हिड हॉसॅक नावाच्या डॉक्टरांनी शहराबाहेर वीस एकरांवर एल्गिन नावाचं वनस्पतिउद्यान उभारलं होतं. (१८०४ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन आणि ॲरन बर यांचं पिस्तुलांचं द्वंद्व झालं, तेव्हा हजर असलेले डॉक्टर हेच. पेशंट वाचला नाही.) बागेचा खर्च झेपेना म्हणून त्यांनी ती सरकारच्या गळ्यात घातली, सरकारला ती सांभाळवेना म्हणून सरकारने ती कॉलेजच्या गळ्यात घातली. अनुदान मागायला आलेल्याला नको असलेली जमीन देऊन वाटेला लावायचं, हे आपल्याच महसूल खात्याने शोधून काढलं असा माझा समज होता. विश्वस्तांनी तोंडं वाकडी करत ती जमीन घेतली. ती होती सत्तेचाळिसाव्या ते एक्कावन्नाव्या रस्त्याच्या दरम्यान, फिफ्थ अव्हेन्यूला लागून. पुढे १९२८ मध्ये तिचा बराचसा भाग धाकट्या जॉन डी. रॉकफेलरांनी भाड्याने घेतला, त्यावर रॉकफेलर सेंटर उभं राहिलं, आणि १९८५ मध्ये कोलंबियाने तो ४० कोटी डॉलरला विकला. गावाबाहेरचा प्लॉट विकू नये, असं आपली वडीलधारी मंडळी सांगतात. फक्त एकशे एकाहत्तर वर्षं थांबा, हे सांगायचं ती विसरतात.

तर १८५० च्या दशकात विश्वस्तांनी ठरवलं की या बागेच्या जमिनीवरच नवं कॉलेज बांधायचं. आराखडे निघाले. मग आकडे निघाले. आकडे बघून आराखडे गुंडाळले गेले. तेवढ्यात बागेपासून हाकेच्या अंतरावर, मॅडिसन अव्हेन्यू आणि एकोणपन्नासावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, एक शाळा रिकामी झाली. तिची मुलं शहराच्या पार उत्तरेला, वॉशिंग्टन हाइट्सच्या टेकाडावर नव्या जागेत गेली होती. इमारत ऐसपैस आणि १८२९ पासून वापरातली, म्हणजे भिंतींची ओल वगैरे आधीच जिरलेली. विश्वस्तांनी ती घेतली आणि १८५७ मध्ये कॉलेज तिथे हललं. ही केवळ तात्पुरती सोय आहे, बागेवरची इमारत झाली की हलायचंच आहे, असा बेत होता. तात्पुरती सोय चाळीस वर्षं टिकली.

शाळा होती कर्णबधिर मुलांची. आणि तिच्या पूर्वेच्या अंगाने, फोर्थ अव्हेन्यूवरून, आगगाडी जात असे. मुलांना जमीन हादरल्याचं कळत असेल, पण आवाजाची तक्रार त्या शाळेत कोण करणार? त्यांचे धडे हातांनी चालत, आणि हातांना शिट्टी ऐकू येत नाही. मग तिथे आले कोलंबियाचे प्राध्यापक, ज्यांचं सगळं भांडवल घशात. लॅटिन क्रियापदाचं रूप अर्ध्यावर आलं की गाडी यायची आणि उरलेलं अर्धं घेऊन जायची. १८७१ मध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावर ग्रँड सेंट्रलचं मोठं स्थानक उघडलं आणि गाड्या वाढल्या. धूर फुकट. खरेदीपूर्वी विश्वस्तांनी जागा पाहिली नसेल असं नाही; पण रुळाकाठचा फ्लॅट दाखवायला दलाल आपल्याला ज्या मुहूर्तावर नेतो, त्याच मुहूर्तावर त्यांनी ती पाहिली असावी.

या कॉलेजला १८६४ मध्ये नवे अध्यक्ष मिळाले, फ्रेडरिक बार्नार्ड. ते मिसिसिपीत विद्यापीठ चालवत होते, यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा तिथून निघाले. निवड करणाऱ्यांनी त्यांचं गणित पाहिलं असेल, विज्ञान पाहिलं असेल, कारभाराचा अनुभव पाहिला असेल. मला विचाराल तर त्यांची खरी पात्रता निराळी होती. १८३० च्या दशकात, पंचविशीच्या आसपास, बार्नार्ड न्यूयॉर्कच्या कर्णबधिर शाळेत मास्तर होते. याच शाळेत, याच इमारतीत. जिथे तरुणपणी मास्तरकी केली तिथेच माणूस तीसेक वर्षांनी अध्यक्ष होऊन आला, आणि मधल्या काळात शाळाच उठून गेली होती. दुसरी पात्रता याहून मोठी. बार्नार्डना स्वतःलाच ऐकू कमी येई. ते दुखणं घराण्यातलं, वयाबरोबर वाढत गेलेलं. कानाला कर्णा लावून ते माणसांशी बोलत. रुळाकाठच्या कॉलेजला याहून योग्य अध्यक्ष कुठल्या जाहिरातीने मिळाला असता? पंचवीस वर्षं त्यांनी कारभार केला. एखाद्या विश्वस्ताचं भाषण लांबलं की कर्णा अलगद टेबलावर ठेवायचा मोह त्यांनी कसा आवरला असेल, देव जाणे. मला तर वाटतं, आवरला नसावा.

त्यांच्या येण्याच्याच वर्षी कोलंबियाने खाणशास्त्राची शाळा काढली. तिला दिली ती तळघराची जागा. अभ्यासक्रम आणि वर्ग यांचा इतका मेळ शिक्षणाच्या इतिहासात पुन्हा क्वचितच जमला असेल.

बार्नार्ड यांचं एकच तुणतुणं विश्वस्तांना सहन होत नसे. मुलींना प्रवेश द्या, असं ते १८७९ पासून दर वार्षिक अहवालात लिहू लागले. कर्णा बार्नार्डांच्या हातात, बहिरेपण विश्वस्तांकडे, अशी वाटणी झाली होती. शेवटी १८८३ मध्ये मधला मार्ग निघाला: मुलींनी घरी अभ्यास करावा, कोलंबियाची परीक्षा द्यावी, पण व्याख्यानांना येऊ नये. हल्ली आपल्याकडे ही सवलत मुलगे न मागता घेतात. तेव्हा ती मुलींवर लादली होती.

त्याच वर्षी ग्रंथपाल म्हणून आला मेल्विल ड्यूई. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर दशांश चिन्हाचा आकडा दिसतो, तो या गृहस्थाचा. माणूस विक्षिप्त, स्वतःच्या नावातली अक्षरंही त्याने काटकसरीसाठी छाटली. बायकांशी त्याच्या वागण्याबद्दल पुढे फार वाईट गोष्टी बाहेर आल्या, त्याही इथे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तर या ड्यूईने १८८७ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग काढला आणि त्यात सरळ बायकांना घेतलं. वीस विद्यार्थ्यांत सतरा बायका. विश्वस्तांनी वर्गखोली द्यायला नकार दिला. ड्यूईने काय करावं? प्रार्थनागृहाच्या वरच्या अडगळीच्या खोलीत झाडू मारला, खटपट करून टेबलं-खुर्च्या जमवल्या आणि ठरल्या दिवशी वर्ग सुरू केला. दोनच वर्षांत तो वर्ग आणि ड्यूई दोघेही ऑल्बनीला गेले.

हे प्रकरण वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सतरा बायकांना पुरेल एवढी खोली कोलंबियाकडे नव्हती असं थोडंच आहे! बागेच्या वीस एकरांचं भाडं दरसाल येत होतं. जागेची टंचाई फुटपट्टीने मोजत नाहीत. ती ठरावाने मोजतात. आमच्या सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांना जागा नसते आणि चेअरमनच्या मेहुण्याच्या टेम्पोला असते, त्याचाही उलगडा तेव्हाच झाला.

१८८९ मध्ये बार्नार्ड वारले. त्याच साली मुलींसाठी स्वतंत्र कॉलेज निघालं, मॅडिसन अव्हेन्यूवरच्या एका भाड्याच्या घरात, आणि त्याला त्यांचं नाव दिलं. खुद्द कोलंबिया कॉलेजने मुलींना घेतलं ते १९८३ मध्ये. घाई कशाला.

तात्पुरत्या जागेतून कायमच्या जागेत जायचं मनावर घेतलं ते सेथ लो या अध्यक्षांनी. त्याआधी ते ब्रुकलिनचे महापौर होते, त्यामुळे जमीन म्हणजे काय असते हे त्यांना पुस्तकाबाहेरून ठाऊक होतं. १८९२ मध्ये कोलंबियाने शहराच्या उत्तरेला, मॉर्निंगसाइड हाइट्सवर, २० लाख डॉलरला नवी जागा घेतली. कोणाची? ब्लूमिंगडेल इस्पितळाची. १८२१ पासून तिथे मनोरुग्णांना ठेवत. लोक सरळ वेड्यांचं इस्पितळ म्हणत. आधी कर्णबधिरांची शाळा, मग वेड्यांचं इस्पितळ. ‘जागा बदलली तरी वर्गात काही फरक जाणवला नाही’ हा विनोद इथे करायचा मोह होतो, पण १८९७ पासून मॉर्निंगसाइडच्या प्रत्येक प्राध्यापकाने तो निदान एकदा केला असणार, म्हणून सोडून देतो.

त्या इस्पितळाची एक वास्तू अजून उभी आहे. विटांची टुमदार कोठी, १८८५ मध्ये श्रीमंत पुरुष रुग्णांसाठी बांधलेली, तेव्हाचं नाव मेसी व्हिला. कोलंबियाने ती पाडली नाही, उचलून थोडी बाजूला सरकवली. आज तिचं नाव ब्युएल हॉल, आणि त्यात फ्रेंच भाषा-संस्कृतीचं केंद्र आहे. फ्रेंच क्रियापदं ज्यांनी पाठ केली आहेत त्यांना वास्तूचा मूळ उद्देश फारसा बदलला आहे असं वाटणार नाही.

आवाराच्या मधोमध लो यांनी वडिलांच्या स्मरणार्थ, पदरचे १० लाख डॉलर घालून, घुमटाचं ग्रंथालय बांधलं. काय ती पायऱ्यांची उतरंड, काय ते खांब! पुढे पुस्तकं मावेनात. म्हणून १९३४ मध्ये समोरच्या बाजूला दुसरं ग्रंथालय झालं, पुस्तकं तिकडे गेली आणि घुमटाखाली प्रशासनाची कार्यालयं आली. इमारतीचं नाव आजही लो मेमोरियल लायब्ररीच आहे. तिथे आता अध्यक्ष मिळतात, अधिकारी मिळतात, परिपत्रकं मिळतात. पुस्तक तेवढं मागू नये.

घुमटाखाली खरंच पुस्तकं होती त्या काळात, जुलै १९१३ मध्ये, सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर इथे आले. आवार तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचं होतं. परळच्या चाळीत, माणसांनी भरलेल्या एका खोलीत, रात्री दोनला उठून अभ्यास केलेला हा मुलगा. इथे लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी मित्राबरोबर तो राहिला, सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकला, जॉन ड्यूई यांची व्याख्यानं ऐकली (अडगळवाले ड्यूई वेगळे), आणि ग्रंथालयात ठाण मांडून बसला. १९१५ मध्ये एम. ए. झालं. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा तो निबंध एका चर्चासत्रात वाचला. विद्यापीठाने इतकी जागा कशाला घ्यावी, या प्रश्नाचं कोलंबियाच्या सगळ्या दप्तरात मला सापडलेलं समाधानकारक उत्तर एवढंच. आणि न्यूयॉर्क, लंडन करून हाच माणूस १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला तेव्हा त्याला राहायला खोली मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी काढलं. बडोद्यात काही खोल्यांचा दुष्काळ नव्हता.

असो. विद्यापीठाकडे परत येऊ. आपण बोलत होतो तेवढ्यात ते आणखी जरा पसरलं आहे.

एकदा सवय लागली की समोरच्या वास्तूत पूर्वी काय चालायचं याचं काही वाटेनासं होतं. एकशे पंचविसाव्या रस्त्यावर दूध बाटल्यांत भरायचा कारखाना होता. तो कोलंबियाने घेतला आणि कालांतराने तिथे खोलीएवढ्या यंत्रांवर इलेक्ट्रॉनिक संगीत रचलं जाऊ लागलं. ब्रॉडवेवर नॅश कंपनीच्या मोटारींची इमारत होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे कोलंबियाच्या शास्त्रज्ञांनी अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं काढण्याच्या प्रक्रियेवर काम केलं. बाहेरून जाणाऱ्याला वाटत असेल, गाड्यांची सर्व्हिसिंग चालू आहे.

एकदाच मात्र गडी तोंडावर आपटला. टेकडीच्या उतारावर मॉर्निंगसाइड पार्क आहे. वर विद्यापीठ, खाली हार्लेम. उद्यान सार्वजनिक, पण विद्यापीठाला तिथे व्यायामशाळा हवी होती आणि तिच्यासाठी जागा भाडेपट्ट्याने मिळालीही. नकाशात वरचा दरवाजा विद्यार्थ्यांसाठी आणि खालचा, व्यायामशाळेच्या लहानशा भागात जाणारा, हार्लेमच्या काळ्या रहिवाशांसाठी. १९६८ चा एप्रिल, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला महिनाही झालेला नाही, आणि हा नकाशा. विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, घुमटाखालचं अध्यक्षांचं दालनही घेतलं. पोलिस आले, डोकी फुटली, देशभर गवगवा झाला आणि बेत बारगळला. व्यायामशाळा शेवटी स्वतःच्याच आवारात, जमिनीखाली बांधावी लागली. उद्यानात खणलेला खड्डा वर्षानुवर्षं तसाच पडून होता. मग त्याचं तळं केलं, त्यावर धबधबा सोडला. आता तिथे बदकं आणि कासवं राहतात. त्यांचं एकाच दरवाजात भागतं.

त्यानंतर विद्यापीठ शहाणं झालं, म्हणजे वकील चांगले नेमू लागलं. २००३ मध्ये अध्यक्ष ली बोलिंजर यांनी मॅनहॅटनव्हिल भागात १७ एकरांवर नवं आवार जाहीर केलं. बरेच मालक विकून मोकळे झाले. अडून बसले ते गोदामवाले एक गृहस्थ आणि पेट्रोल पंप चालवणारं एक शीख कुटुंब. राज्याच्या यंत्रणेने तो भाग बकाल ठरवला, कारण बकाल ठरला की सक्तीने संपादन करता येतं. त्यावर विरोधकांचं म्हणणं असं की, अहो, यातल्या बहुतेक इमारती एव्हाना विद्यापीठाच्याच आहेत, मग बकाल ठेवल्या कोणी? मुंबईच्या पागडीच्या भाडेकरूला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही. २००९ मध्ये एका न्यायालयाने विरोधकांचं ऐकलं, २०१० मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल फिरवला. आता तिथे काचेच्या उंच इमारती आहेत. स्टुडबेकर मोटारींचा जुना कारखाना ठेवला आहे. तिथे विद्यापीठाची कार्यालयं बसतात. मोटार असो की बिल, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवत न्यायची हीच तिथली रीत.

मॅनहॅटनव्हिलचा बेत जाहीर झाला त्याच वर्षी कोलंबियाने एक शाळासुद्धा काढली. निम्म्या जागा प्राध्यापकांच्या मुलांना, निम्म्या आसपासच्या वस्तीतल्या मुलांना, सोडत काढून. इतकी वर्षं शाळांच्या जागा घेतल्यावर एखादी परत करावीशी वाटली असेल, तर ते चांगलंच आहे.

राहता राहिली ती जुनी मालकमंडळी. एकोणपन्नासाव्या रस्त्यावरून उठलेली कर्णबधिरांची शाळा वॉशिंग्टन हाइट्सवर फॅनवूड नावाच्या जागी, नदीकाठच्या मोकळ्या हवेत, सुखाने नांदत होती. आता इतक्या लांब कोण येतंय! १९२८ मध्ये तिच्यापासून चार-पाच गल्ल्यांवर, एका जुन्या बेसबॉल मैदानावर, प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलच्या जोडीने एक भलंमोठं वैद्यकीय संकुल उघडलं. कोलंबियाचं. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, शाळेने पुन्हा बिऱ्हाड आवरलं आणि ती थेट शहराबाहेर, व्हाइट प्लेन्सला गेली. कारणं तिची तिला असतील. मी आपला सनावळ्या लावतो आहे.

व्हाइट प्लेन्सला गेल्यावर शेजारपाजारी ओळखीचे निघाले असतील, कारण मॉर्निंगसाइडहून उठलेलं ब्लूमिंगडेल इस्पितळही १८९४ मध्ये तिथेच जाऊन राहिलं होतं. ते होतं न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या मालकीचं. १९९८ मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटल आणि प्रेस्बिटेरियन हॉस्पिटल यांचं विलीनीकरण झालं, आणि प्रेस्बिटेरियन म्हणजे कोलंबियाचं जुनं सोयरं. म्हणजे विद्यापीठाचं एक बोट व्हाइट प्लेन्सच्या मातीला टेकलं आहे. कर्णबधिरांची शाळा अजून त्याच गावात आहे. तिच्या मुख्याध्यापकांना कुंपणापाशी कोणी फीत घेऊन मोजमाप करताना दिसलं, तर हाका मारत बसू नये. त्या बाजूला ऐकू जात नाही. सरळ फाटक लावून घ्यावं.